अमेरिकेतले जॉन्सन: नेमके कोणते जॉन्सन? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आपल्याकडे कुणी नुसतं ‘पाटलांनी राजीनामा दिला’ म्हटलं, तर समोरचा आधी ‘कोणते पाटील?’ असं विचारतो. अमेरिकेच्या राजकारणात जॉन्सन या आडनावाचं तसंच आहे. दोन राष्ट्राध्यक्ष, एक जास्तीचे उपराष्ट्राध्यक्ष, सभापती, सिनेटर, गव्हर्नर, महापौर, सगळे जॉन्सन. मराठी बातम्यांत बहुतेक वेळा आडनावच छापलं जातं, मग एकाचं कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर जमा होतं आणि एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी बसतं. मला हे फार खटकतं, कारण या आडनावबंधूंपैकी काहींनी एकमेकांच्या अगदी उलट कामं केली आहेत. वाचकांकडून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

अमेरिकेत जॉन्सन इतके जास्त का?

२०१० च्या जनगणनेत स्मिथनंतर सर्वांत जास्त आढळलेलं आडनाव जॉन्सन होतं. अशी १९ लाखांहून अधिक माणसं होती. इंग्लंडमधून आलेले जॉन्सन तर होतेच. शिवाय स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क इथून आलेल्या योहानसन, योहानसेन, योन्सन अशा कुटुंबांनी अमेरिकेत आल्यावर सोयीसाठी जॉन्सन हेच रूप घेतलं. म्हणून मिनेसोटा आणि डकोटाच्या पट्ट्यात हे आडनाव पावलोपावली भेटतं. स्वीडनमध्ये जन्मलेले मॅग्नस जॉन्सन १९२३ मध्ये मिनेसोटाचे सिनेटर झाले, ते याच वाटेने आलेले.

गुलामगिरीतून सुटलेल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांचंही हेच आडनाव होतं. आज अमेरिकेतल्या जॉन्सनांपैकी साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय आहेत. त्यामुळे आडनावावरून वंश, प्रांत किंवा पक्ष, कशाचाच अंदाज लागत नाही.

राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन्सन किती? ते एकमेकांचे नातेवाईक होते का?

दोन. १७वे अँड्र्यू जॉन्सन (१८६५ ते १८६९) आणि ३६वे लिंडन बेन्स जॉन्सन (१९६३ ते १९६९). नातं काहीही नाही.

गल्लत होण्याचं कारण मात्र समजण्यासारखं आहे. एकाचा जन्म १८०८ चा, दुसऱ्याचा १९०८ चा. दोघेही दक्षिणेतले. दोघेही आधी प्रतिनिधीगृहात, मग सिनेटमध्ये, मग उपराष्ट्राध्यक्ष. आणि दोघांनाही राष्ट्राध्यक्षपद मिळालं ते आधीच्या राष्ट्राध्यक्षाच्या खुनामुळे: अँड्र्यू यांना लिंकन यांच्या, लिंडन यांना केनेडी यांच्या. योगायोगांची ही यादी समाजमाध्यमांवर फिरत असते आणि ती खरी आहे. फक्त ती तिथेच थांबते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या प्रश्नावर हे दोघे कुठे उभे राहिले, हे त्या यादीत नसतं. खरी गोष्ट तीच आहे.

महाभियोग झाला तो कोणत्या जॉन्सनवर?

अँड्र्यू यांच्यावर. अमेरिकेच्या इतिहासात महाभियोगाला सामोरे गेलेले ते पहिले राष्ट्राध्यक्ष.

या माणसाची सुरुवात पाहिली तर मन हेलावतं. जन्म नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेचा. तीन वर्षांचे असताना वडील गेले. शाळेचं तोंड कधी पाहिलं नाही. आईने एका शिंप्याकडे उमेदवारीला ठेवलं. तिथून ते भावाबरोबर पळाले, तेव्हा त्या शिंप्याने १८२४ मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात दिली: पकडून आणणाऱ्याला १० डॉलर इनाम. पुढे टेनेसीतल्या ग्रीनव्हिल गावात त्यांनी स्वतःचं शिवणकामाचं दुकान थाटलं. लग्न झाल्यावर पत्नी एलायझा यांनी त्यांना लिहिण्याचे आणि हिशेबाचे धडे दिले. अशा माणसाने नगरसेवक, महापौर, आमदार, प्रतिनिधीगृहाचे सदस्य, गव्हर्नर आणि सिनेटर अशा सगळ्या पायऱ्या चढाव्यात हे विलक्षणच आहे. दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली, तेव्हा त्या राज्यांच्या सिनेटरांपैकी फक्त त्यांनी आपली जागा सोडली नाही. म्हणूनच लिंकन यांनी १८६४ मध्ये त्यांना सोबत घेतलं.

पण दक्षिणेतल्या जमीनदारांशी हाडवैर असलेला हा माणूस गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या बाजूने उभा राहिला नाही. त्यांनी स्वतःही गुलाम बाळगले होते. १८६६ चा नागरी हक्क कायदा काँग्रेसने (प्रतिनिधीगृह आणि सिनेट मिळून होणाऱ्या अमेरिकेच्या संसदेने) संमत केला, त्यावर त्यांनी नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तो धुडकावून कायदा केला. संघर्ष वाढत गेला आणि युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना हटवल्याचं निमित्त होऊन फेब्रुवारी १८६८ मध्ये प्रतिनिधीगृहाने महाभियोग चालवला. सिनेटमध्ये दोषी ठरवायला ३६ मतं हवी होती, पडली ३५. विरोधात १९. एका मताने पद वाचलं.

त्यांच्याच काळात, १८६७ मध्ये, अमेरिकेने रशियाकडून ७२ लाख डॉलरना अलास्का विकत घेतलं. पद गेल्यावर १८७५ मध्ये ते पुन्हा सिनेटवर निवडून आले. माजी राष्ट्राध्यक्ष सिनेटमध्ये परत येण्याचं हे एकमेव उदाहरण. त्याच वर्षी त्यांचं निधन झालं.

मग लिंडन जॉन्सन यांचं नेमकं काय मोजायचं, नागरी हक्क की व्हिएतनाम?

दोन्ही. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

टेक्सासमधल्या कोटुला गावात १९२८ मध्ये, शिकत असतानाच, त्यांनी मेक्सिकन मजुरांच्या मुलांच्या शाळेत शिकवलं होतं. ती मुलं सकाळी काही न खाता वर्गात येत. मार्च १९६५ मध्ये काँग्रेससमोर मतदान हक्काच्या कायद्याची मागणी करताना त्यांनी त्याच उपाशी मुलांची आठवण सांगितली. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा ही त्यांची कामगिरी. ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर ही आरोग्य विमा योजनाही त्यांचीच. शंभर वर्षांपूर्वी एका जॉन्सनने जे अडवलं होतं, ते या जॉन्सनने दक्षिणेतल्या स्वतःच्या पक्षाचा रोष पत्करून पुढे नेलं.

हा माणूस काही साधुसंत नव्हता. १९४८ मध्ये सिनेटसाठीची पक्षांतर्गत निवडणूक ते ८७ मतांनी जिंकले. ॲलिस गावातल्या ‘पेटी क्रमांक १३’ मधून मतदानानंतर सहा दिवसांनी २०२ जास्तीची मतं निघाली आणि त्यातली २०० जॉन्सन यांची होती. मतदारांची ती नावं यादीच्या शेवटी एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, वर्णक्रमाने लिहिलेली होती. हा डाग कधी धुतला गेला नाही.

आणि व्हिएतनाम. १९६५ पासून त्यांनी तिथे लाखो सैनिक पाठवले. देश पेटला. ३१ मार्च १९६८ रोजी टीव्हीवरच्या भाषणात त्यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचं जाहीर केलं. व्हिएतनाममध्ये मेलेल्यांचा हिशेब त्यांच्या नावावर आहे, आणि दक्षिणेत पहिल्यांदा मतदान केंद्रावर गेलेल्या कृष्णवर्णीय मतदारांचाही.

भारतात दुष्काळात अमेरिकन गहू आला, तो याच जॉन्सन यांच्या काळात का?

हो. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठची दुष्काळी वर्षं. पीएल-४८० या अमेरिकेच्या १९५४ च्या अन्नमदत कायद्याखाली येणाऱ्या गव्हावर तेव्हा भारताची मोठी भिस्त होती. जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार न करता थोडा थोडा गहू सोडण्याचं धोरण ठेवलं आणि प्रत्येक जहाजाला स्वतः मंजुरी देऊ लागले. भारताने शेतीधोरण बदलावं हा त्यामागचा हेतू होताच, शिवाय भारताने व्हिएतनामवर केलेली टीकाही त्यांना झोंबली होती. गहू आला, माणसं वाचली, हे खरं. जहाज बंदराला लागेपर्यंत दिल्लीचा जीव टांगणीला लागायचा, हेही खरं. हरितक्रांतीची घाई त्या अनुभवातून आली.

एक दुरुस्ती. आपल्याकडच्या जाणत्या माणसांना १९७२ च्या दुष्काळातली लाल मिलो (अमेरिकेतून आलेली ज्वारी) आठवते आणि काहीजण ती जॉन्सन यांच्या खात्यावर टाकतात. तोवर जॉन्सन पदावरून जाऊन तीन वर्षं झाली होती.

‘जॉन्सन कायद्याने भारतीयांना अमेरिकेचं दार बंद केलं’ आणि ‘जॉन्सन यांनी दार उघडलं’, यातलं खरं काय?

दोन्ही खरं. माणसं वेगळी, आणि मधे ४१ वर्षं.

पहिले अल्बर्ट जॉन्सन. वॉशिंग्टन राज्यातले वृत्तपत्र संपादक, रिपब्लिकन, प्रतिनिधीगृहाच्या इमिग्रेशन समितीचे अध्यक्ष. १९२४ चा जॉन्सन-रीड कायदा त्यांच्या आणि सिनेटर डेव्हिड रीड यांच्या नावाने ओळखला जातो. प्रत्येक देशाचे जितके लोक १८९० च्या जनगणनेत अमेरिकेत होते, त्याच्या दोन टक्के एवढाच वार्षिक कोटा त्याने ठेवला. १८९० हे साल मुद्दाम निवडलेलं होतं. त्यानंतर इटली, पोलंड, रशिया इथून लोंढे आले होते आणि तेच रोखायचे होते. आशियातल्यांना तर कोटाही नाही. नागरिक व्हायला जे अपात्र, त्यांना प्रवेशच नाही, असं कलम घातलं.

भारतीयांचा रस्ता त्याआधीच अडवला गेला होता. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा प्रवेशबंदीखाली आणला होता, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वासाठी ‘गोरा’ ठरत नाही असा निकाल दिला होता. १९२४ च्या कायद्याने या कुलपावर दुसरं कुलूप घातलं. १९४६ मध्ये फट उघडली, ती केवढी? वर्षाला १०० भारतीय.

दुसरे लिंडन जॉन्सन. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी, त्यांनी हार्ट-सेलर कायद्यावर सही केली. देशांनुसार ठरवलेला जुना कोटा गेला. शिक्षण, कौशल्य आणि कुटुंब हे निकष आले. भाषणात ते म्हणाले की हा काही क्रांतिकारक कायदा नाही. या बाबतीत त्यांचा अंदाज पार चुकला.

कायद्याला ज्यांचं नाव आहे ते इमॅन्युएल सेलर मला या साऱ्या कथेत सर्वांत मोठे वाटतात. ब्रुकलिनचे हे प्रतिनिधी १९२४ मध्ये सभागृहात अगदी नवखे होते, तेव्हा अल्बर्ट जॉन्सन यांच्या विधेयकाविरुद्ध ते बोलले आणि हरले. त्यानंतर चार दशकं ते त्याच सभागृहात टिकून राहिले आणि त्याच कायद्याचं मूळ कलम त्यांनी उखडून काढलं.

साठीच्या अखेरीपासून पुण्या-मुंबईतून जे डॉक्टर, इंजिनियर आणि विद्यार्थी अमेरिकेला गेले आणि तिथेच राहिले, ते १९६५ च्या याच कायद्यामुळे. त्यांनी गावोगावी मंडळं काढली आणि १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं. ज्यांच्या घरातलं कुणी त्या पिढीत गेलं असेल, त्यांनी ही दोन जॉन्सन नावं वेगवेगळी लक्षात ठेवावीत असं मला मनापासून वाटतं.

कॅलिफोर्नियाचे हायरम जॉन्सन हे अल्बर्ट यांचेच कुणी का?

नाही. हायरम हे १९११ ते १९१७ कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर आणि त्यानंतर १९४५ पर्यंत सिनेटर. सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीने तिथलं राजकारण खिशात घातलं होतं, तिच्याविरुद्ध लढून ते निवडून आले. मतदारांनी सह्या गोळा करून थेट कायदा मांडणं, सार्वमत घेणं आणि निवडून दिलेल्या माणसाला परत बोलावणं, हे तिन्ही हक्क त्यांच्या पहिल्याच वर्षात कॅलिफोर्नियाला मिळाले. २००३ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना मतदारांनी मुदतीआधी घरी पाठवलं, ते याच तरतुदीने.

पण १९१३ चा परकीय जमीन कायदाही त्यांच्याच सहीचा. नागरिक होऊ न शकणाऱ्यांना शेतजमीन घेता येणार नाही, असं तो म्हणत होता. नेम जपानी शेतकऱ्यांवर होता, पुढे त्यात पंजाबी शेतकरीही सापडले. लोकांना एवढे अधिकार देणाऱ्याची ‘लोक’ या शब्दाची व्याप्ती इतकी अरुंद असावी, याचं मला वाईट वाटतं.

‘जॉन्सन ॲक्ट’ आणि ‘जॉन्सन अमेंडमेंट’ एकच का?

नाही. १९३४ चा जॉन्सन ॲक्ट हायरम यांचा: पहिल्या महायुद्धाची कर्जं बुडवणाऱ्या देशांना नवं कर्ज देण्यास बंदी. १९५४ ची जॉन्सन अमेंडमेंट लिंडन यांची, ते सिनेटर असतानाची: करसवलत घेणाऱ्या धर्मादाय आणि धार्मिक संस्थांनी निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. चर्चच्या राजकारणाबद्दलच्या बातम्यांत आजही उल्लेख होतो तो या दुसऱ्याचा.

उपराष्ट्राध्यक्ष झालेले आणखी एक जॉन्सन होते ना?

केंटकीचे रिचर्ड मेंटर जॉन्सन, १८३७ ते १८४१. १८१३ च्या लढाईत शॉनी या मूळ अमेरिकन जमातीचे नेते टेकम्से यांना आपण मारलं, या दाव्यावर त्यांचं राजकारण उभं होतं. दावा सिद्ध कधीच झाला नाही.

ज्युलिया चिन या गुलामगिरीत जन्मलेल्या स्त्रीबरोबर त्यांनी उघडपणे संसार केला आणि दोन्ही मुलींना आपलं नाव दिलं. अशी नाती तेव्हा घरोघरी होती, पण लपवलेली. यांनी लपवलं नाही, म्हणून बदनामी झाली. तरी ज्युलिया यांना त्यांनी कायद्याने मुक्त केलं नव्हतं. १८३३ मध्ये त्या पटकीने गेल्या, त्याही गुलाम म्हणूनच. १८३६ च्या निवडणुकीत व्हर्जिनियाच्या निर्वाचकांनी (राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी शेवटची मतं देणाऱ्या प्रतिनिधींनी) जॉन्सन यांना मतं द्यायला नकार दिला, बहुमत हुकलं आणि निवड सिनेटने केली. सिनेटने निवडलेले ते आजवरचे एकमेव उपराष्ट्राध्यक्ष.

१९४२ मध्ये दिल्लीत आलेले जॉन्सन कोण?

कर्नल लुई जॉन्सन, वेस्ट व्हर्जिनियाचे. क्रिप्स योजनेच्या वाटाघाटी सुरू असताना राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे वैयक्तिक प्रतिनिधी म्हणून ते एप्रिल १९४२ मध्ये आले. संरक्षण खात्यात भारतीय मंत्र्याला कितपत अधिकार द्यायचे, यावर नेहरू आणि क्रिप्स यांच्यात तोडगा निघावा म्हणून त्यांनी धावपळ केली. चर्चिल यांना ही लुडबुड वाटली. बोलणी फिसकटली आणि ऑगस्टमध्ये गोवालिया टँकवरून ‘चले जाव’ची हाक निघाली. हेच लुई जॉन्सन १९४९ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले आणि कोरियन युद्ध सुरू झाल्यावर, सप्टेंबर १९५० मध्ये, ट्रुमन यांनी त्यांचा राजीनामा घेतला.

सध्याच्या बातम्यांत ‘सभापती जॉन्सन’ म्हणतात ते कोण?

माइक जॉन्सन, लुइझियानाचे रिपब्लिकन. ऑक्टोबर २०२३ मध्ये केव्हिन मॅकार्थी यांना पदावरून काढल्यावर प्रतिनिधीगृहाच्या सभापतीची खुर्ची तीन आठवडे रिकामी होती. त्यांच्याच पक्षाचे स्कॅलिस, जॉर्डन, एमर असे एकेक उमेदवार गळत गेले आणि २५ ऑक्टोबरला हे २२० विरुद्ध २०९ मतांनी निवडून आले. सभागृहात येऊन त्यांना सात वर्षंही झाली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा निवड झाली.

काँग्रेसमध्ये आणखी कोणते जॉन्सन?

जानेवारी २०२५ मध्ये भरलेल्या काँग्रेसमध्ये माइक यांच्याखेरीज प्रतिनिधीगृहात तिघे: साउथ डकोटाचे डस्टी (रिपब्लिकन), जॉर्जियाचे हँक (डेमोक्रॅट) आणि टेक्सासच्या ज्युली (डेमोक्रॅट). सिनेटमध्ये विस्कॉन्सिनचे रॉन (रिपब्लिकन). हँक जॉन्सन २००७ मध्ये आले, तेव्हा ते आणि हवाईच्या मेझी हिरोनो हे काँग्रेसचे पहिले बौद्ध सदस्य ठरले. ज्युली जॉन्सन या दक्षिणेतल्या राज्यांतून निवडून आलेल्या पहिल्या उघड समलिंगी काँग्रेस सदस्य.

डॅलस परिसराचं या आडनावाशी जुनं नातं आहे. ज्युली यांच्याआधी तिथे एडी बर्निस जॉन्सन होत्या. काँग्रेसवर निवडून गेलेल्या त्या पहिल्या नोंदणीकृत परिचारिका, डेमोक्रॅट, तीस वर्षं सदस्य. जवळच्याच मतदारसंघात सॅम जॉन्सन, रिपब्लिकन, हवाई दलाचे वैमानिक, व्हिएतनाममध्ये जवळजवळ सात वर्षं युद्धकैदी. पक्ष, वर्ण, आयुष्य सगळं वेगळं, आणि अनेक वर्षं दोघे एकाच वेळी सभागृहात.

टिम जॉन्सन एकच की दोन?

दोन, आणि काही वर्षं एकाच वेळी. इलिनॉयचे रिपब्लिकन टिम प्रतिनिधीगृहात, साउथ डकोटाचे डेमोक्रॅट टिम सिनेटमध्ये. दुसरे २००२ मध्ये जॉन थ्यून यांच्याविरुद्ध अवघ्या ५२४ मतांनी जिंकले. डिसेंबर २००६ मध्ये त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला. जानेवारीत भरणाऱ्या नव्या सिनेटमध्ये डेमोक्रॅटांचं ५१ विरुद्ध ४९ असं काठावरचं बहुमत होणार होतं आणि त्यांची जागा रिकामी झाली असती, तर राज्याच्या रिपब्लिकन गव्हर्नरांनी दुसरा माणूस नेमला असता. सगळ्या वॉशिंग्टनचे डोळे एका रुग्णाच्या प्रकृतीकडे लागले होते. सप्टेंबर २००७ मध्ये, बोलण्यात अजून अडखळत असताना, ते कामावर परतले आणि २००८ मध्ये पुन्हा निवडूनही आले.

राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिलेले गॅरी जॉन्सन कोण?

न्यू मेक्सिकोचे माजी गव्हर्नर. लिबर्टेरियन पक्षातर्फे २०१२ आणि २०१६ मध्ये उभे राहिले. २०१६ मध्ये त्यांना सुमारे ४५ लाख मतं पडली. त्यांनी एव्हरेस्टही सर केलं आहे.

शिकागो आणि डॅलसचे महापौर?

शिकागोचे ब्रँडन जॉन्सन, २०२३ मध्ये निवडून आले, पूर्वी शिक्षक आणि शिक्षक संघटनेचे कार्यकर्ते. डॅलसचे एरिक जॉन्सन २०१९ पासून महापौर. सप्टेंबर २०२३ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झाले.

बोरिस जॉन्सन यांचा यांच्याशी काही संबंध?

ब्रिटनचे हे माजी पंतप्रधान १९६४ मध्ये न्यूयॉर्कला जन्मले, त्यामुळे अमेरिकेचं नागरिकत्व त्यांच्याकडे होतं. २०१६ मध्ये त्यांनी ते सोडलं. अमेरिकेच्या राजकारणात ते कधी नव्हते.

बातमीत नुसतं ‘जॉन्सन’ असेल तर कसं ओळखायचं?

साल आणि राज्य शोधा. काँग्रेसच्या अधिकृत कामकाजातही ‘जॉर्जियाचे जॉन्सन’, ‘साउथ डकोटाचे जॉन्सन’ अशीच नोंद होते. ‘एलबीजे’ ही अक्षरं दिसली तर ते लिंडन. ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्राला नाव आहे तेही त्यांचंच. यादवी युद्ध, लिंकन किंवा अलास्का यांच्या संदर्भात आलं तर अँड्र्यू. मराठीत शोधताना ‘जॉन्सन’ आणि ‘जॉनसन’ अशी दोन्ही रूपं टाकून पाहा. आणि ‘जॉन्स्टन’ दिसलं, तर ते आडनावच निराळं आहे.